चष्म्याचं फिटिंग शिकावं का?

प्रश्न थोडक्यात असा आला: "भाचा बारावी सायन्स झालाय. ऑप्टोमेट्रीच्या पदवीला पाठवायची सध्या ऐपत नाही. तालुक्याच्या गावी ओळखीचे चष्मेवाले आहेत, ते फिटिंग शिकवायला तयार आहेत. पण आता सगळं मशीनच करतं असं ऐकतो. या कामात नेमकं काय असतं आणि त्यात पुढे काही आहे का?"

पाठवा, पण दुकानदाराला आधी एक गोष्ट विचारून पाठवा. पोराच्या हातात लेन्सोमीटर (काचेचा नंबर आणि केंद्र मोजायचं यंत्र) आणि पीडीची, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची पट्टी कधी देणार? उत्तर "सुरुवातीपासून" असं आलं तर काम शिकण्यासारखं आहे. "आधी दोन वर्षं काच मशीनला लावू दे, मग बघू" असं आलं तर दुसरं दुकान शोधा. काच मशीनला लावणं आणि काढणं हे चुणचुणीत पोरगा काही आठवड्यांत शिकतो. पुढची दहा वर्षं तेच करत बसला तर मशीनची भीती खरीच ठरेल.

मी या धंद्याची दोन्ही टोकं पाहिली आहेत. आधी काचा घासणाऱ्या लॅबमध्ये होतो, मग दुकानाच्या मागच्या खोलीत फिटर, आणि आता आजूबाजूच्या दुकानांचे जॉब घेऊन करून देतो. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

बाहेरून एकच वाटणारं हे काम खरं तर दोन ठिकाणी चालतं. पहिलं लॅबमध्ये, जिथे काचेला नंबर दिला जातो. ब्लँक, म्हणजे नंबर न दिलेली जाड काच, येतो तेव्हा त्याची पुढची बाजू तयार असते, मागची बाजू नंबराप्रमाणे घासायची असते. त्यासाठी ब्लँक धातूच्या गुट्टीवर चिकटवतात, याला ब्लॉकिंग म्हणतात. चिकटवायला वापरतात तो मिश्रधातू ४७ किंवा ५८ अंशांना वितळतो, म्हणजे गरम पाण्यातही सुटतो. मग जनरेटर मागचा वक्र कापतो, त्यानंतर फायनिंग, म्हणजे बारीक घासणं, मग पॉलिश. आमच्या उमेदवारीत प्रत्येक वक्रासाठी वेगळं टूल असायचं. भिंतभर मांडणी असायची आणि बेस (काचेचा मूळ वक्र) आणि सिलिंडर (एकाच दिशेत असणारा नंबर) बघून योग्य टूल काढणं हेच अर्धं कौशल्य होतं. आता फ्रीफॉर्म जनरेटर हिऱ्याच्या टोकाने थेट हवा तो पृष्ठभाग कापतो. त्या मांडण्या भंगारात गेल्या. पॉलिशनंतर हार्ड कोट, आणि एआरसी, म्हणजे चकाकी घालवणारं कोटिंग, हवं असेल तर निर्वात भट्टीत सिलिकॉन, झिर्कोनियम वगैरेंच्या ऑक्साइडचे थर. हे थर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पातळ असतात.

हे काम आता मोठ्या कारखान्यांकडे सरकलंय हे खरंच आहे. राजस्थानात भिवाडीला लेन्सकार्टचा प्रचंड स्वयंचलित कारखाना आहे. आपल्या शेजारी गोव्यात, म्हापशाजवळच्या थिवी औद्योगिक वसाहतीत जीकेबी ऑप्थॅल्मिक्सचं लेन्सचं काम आहे. अशा ठिकाणी नोकरी मिळते, शिफ्ट असते, पीएफ असतो. मात्र तिथे माणूस एकाच टेबलावर पक्का होतो. ब्लॉकिंगवाला ब्लॉकिंगच करतो. संपूर्ण चष्मा समजून घ्यायचा असेल तर दुकान बरं.

दुसरं ठिकाण म्हणजे ते दुकान, किंवा दुकानामागची खोली. इथे नंबर असलेली गोल काच येते. ती फ्रेमच्या आकाराला कापून, कड करून, बसवायची. याला सगळे फिटिंग म्हणतात. पूर्वी प्रत्येक फ्रेमसाठी प्लास्टिकचा फॉर्मा कापावा लागे आणि कड हाताने चाकावर करावी लागे. आता ट्रेसर फ्रेमच्या आतून सुई फिरवून आकार घेतो आणि ऑटो एजर कापतो. पोरगा बटण दाबतो, चहा पिऊन येतो, काच तयार.

मग माणूस कशाला? तर मशीनला सांगायला, की काचेचं केंद्र, म्हणजे बुबुळासमोर यायला हवा तो बिंदू, कुठे ठेवायचं. मशीन आकार बिनचूक कापतं, पण केंद्र चुकीचं सांगितलं तर चुकीचीच काच तितकीच बिनचूक कापून देतं. पंचवीस हजारांची प्रोग्रेसिव्ह (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत) असो की तीनशेची सीआर (साधं प्लास्टिक), ते केंद्र अजूनही माणूसच ठरवतो.

केंद्राचं एवढं काय, ते आकड्यांत सांगतो, कारण सायन्सच्या मुलाला हे आवडेल. प्रेंटिसचा नियम म्हणून एक साधा गुणाकार आहे. केंद्र बुबुळापासून जितके सेंटिमीटर सरकलं, त्याला नंबराने गुणा, तितका प्रिझम, म्हणजे प्रकाश बाजूला वळवणारा परिणाम, डोळ्यासमोर येतो. मायनस सहाच्या काचेचं केंद्र चार मिलिमीटर सरकलं, तर ०.४ गुणिले ६, म्हणजे २.४ प्रिझम. दोन्ही काचांची केंद्रं नाकाकडे, किंवा दोन्हींची कानाकडे, सरकली असतील तर बेरीज ४.८. अमेरिकेच्या झेड-८०.१ या मानकात जास्त नंबरच्या पूर्ण जोडीला आडव्या दिशेत केंद्रांच्या अंतरात एकूण अडीच मिलिमीटरपर्यंतच सूट आहे, उभ्या दिशेत तर एकच मिलिमीटर. म्हणजे हा माणूस दिवसभर डोळे ओढून धरून बसणार आणि संध्याकाळी डोकं धरणार. दुकानात येऊन तो म्हणणार, "डॉक्टरांनी नंबर चुकीचा काढला."

आता हाच चार मिलिमीटरचा घोटाळा मायनस अर्ध्याच्या काचेत करून बघा. ०.२ प्रिझम. गिऱ्हाइकाला कळणारही नाही. म्हणूनच निष्काळजी दुकानं वर्षानुवर्षं चालतात. बहुतेक गिऱ्हाइकांचे नंबर बारीक असतात आणि ते वाईट फिटिंग झाकून नेतात. फिटरची खरी परीक्षा चारच्या वरच्या नंबराला, मोठ्या सिलिंडरला आणि प्रोग्रेसिव्हला होते. भाच्याला सांगा, दुकानात असे जॉब आले की हातातलं काम सोडून बघायला उभं राहायचं.

सिलिंडरचं आणखी वेगळं. त्याला अंशांत दिशा असते, ॲक्सिस. दोनचा सिलिंडर दहा अंशांनी फिरला तर सुमारे ०.७० चा नको असलेला सिलिंडर उरतो. तीस अंशांनी फिरला तर उरलेली चूक मूळ सिलिंडरइतकीच होते, म्हणजे चष्मा न घातल्यासारखंच, वर डोकेदुखी फुकट. त्याच मानकात पाव सिलिंडरला चौदा अंश सूट आहे, पण दीडच्या वर फक्त दोन. गोल फ्रेमची फॅशन आली की आमची झोप उडते ती याच कारणाने. गोल रिममध्ये काच हळूच फिरते आणि गिऱ्हाईक रोज थोडा वेगळा चष्मा घालत राहतो. सुप्राचा, म्हणजे अर्ध्या रिमच्या फ्रेमचा, नायलॉन दोरा सैल राहिला तरी तेच. काच बसवल्यावर अंगठ्याने फिरवून बघणं ही सवय पहिल्या आठवड्यात लागली पाहिजे.

फ्रेम निवडणं हे विक्रेत्याचं काम मानतात. माझ्या मते ते फिटरचं आहे, कारण हिशेब त्यालाच येतो. प्रत्येक फ्रेमच्या काडीवर आत आकडे असतात, समजा ५४-१८. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचं अंतर. बेरीज ७२. गिऱ्हाइकाची पीडी ६२ असेल तर दहाचा फरक, म्हणजे प्रत्येक काचेचं केंद्र पाच मिलिमीटर नाकाकडे आणावं लागणार आणि बाहेरची कड केंद्रापासून ३२ मिलिमीटर लांब जाणार. मायनस सहा नंबर, साधी सीआर काच, मध्यावर दोन मिलिमीटर जाडी धरली तर ती कड आठ मिलिमीटरच्या आसपास होते. त्याच माणसाला ४८-२० ची फ्रेम दिली तर तीच काच साडेसहाच्या आत राहते. आणि मोठ्या ५४ च्या फ्रेमला महागडी १.६७ इंडेक्सची काच घातली तर (इंडेक्स म्हणजे माल प्रकाश किती वाकवतो तो आकडा, जास्त तितकी काच पातळ)? जवळपास साडेसहा. म्हणजे हजारो रुपये टाकून मिळालं काय, तर लहान फ्रेममध्ये साधी काच जे देत होती जवळपास तेच. हा हिशेब वहीवर मांडून दाखवणारा फिटर दुकानदाराला आधी नकोसा वाटतो, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी कुटुंब घेऊन त्याच्याकडेच येतं.

काचेच्या मालाबद्दल त्याने पाठ करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. सीआर-३९ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेलं रेझिन. इंडेक्स १.५० च्या जवळ, घासायला सोपं, नजर एकदम स्वच्छ. पॉलीकार्बोनेट १.५९, फुटत नाही, हलकं, म्हणून लहान मुलांना, खेळाडूंना आणि एका डोळ्याने दिसणाऱ्यांना तेच द्यावं. पण त्याचा ॲबे आकडा ३० च्या आसपास, सीआरचा ५८. हा आकडा जितका कमी तितके काचेच्या कडेने बघताना रंगाचे पट्टे जास्त. मोठ्या नंबरच्या माणसाला ट्यूबलाइटच्या कडेला निळं-पिवळं दिसतं म्हणून तो तक्रार घेऊन येतो, तेव्हा काच बदलून द्यायची की समजूत काढायची हे यावरून ठरतं. १.६० मधला एमआर-८ हा मला सगळ्यात समाधान देणारा माल वाटतो. ॲबे ४१, आणि रिमलेसला (बिनरिमच्या चष्म्याला) भोक पाडताना पिचत नाही. १.७४ फार मोठ्या नंबरालाच, उगाच नको.

आणि पॉलीला ॲसिटोन कधीही लावायचं नाही. मार्किंग पुसायला सगळ्या दुकानांत ॲसिटोनची बाटली असते, आणि नव्या पोराच्या हातून पॉलीची काच अशीच पांढरी होते.

प्रोग्रेसिव्ह हा स्वतंत्र विषय आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला वर लांबचा, खाली जवळचा आणि मधे हळूहळू बदलणारा नंबर, अशी ही काच. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार मेत्नाझ यांनी व्हॅरिलक्स आणली तेव्हापासून डिझाइन खूप बदललं, पण एक गोष्ट बदलली नाही. फिटिंग क्रॉस, म्हणजे काचेवर छापलेली अधिकची खूण, बुबुळाच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, उंचीतला फरक एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि दोन्ही डोळ्यांची पीडी वेगवेगळी मोजली पाहिजे. नाक अगदी मधोमध असलेली माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. मोजमाप फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवून, नोजपॅड वाकवून झाल्यावरच घ्यायचं. मोजून घेतलं आणि मग नोजपॅड वाकवले, तर मोजलेलं सगळं पाण्यात.

कुठल्याही प्रोग्रेसिव्हची ओळखही शिकता येते. काचेवर लेझरने दोन बारीक खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. काचेवर श्वास सोडून तिरक्या उजेडात धरली की दिसतात. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन (जवळच्यासाठी वाढवलेला नंबर) कोरलेली असते, बहुधा नाकाकडे कंपनीची निशाणी. या दोन खुणा सापडल्या की पेनने ठिपके देऊन कंपनीच्या तक्त्यावर ठेवायच्या, सगळी जागा उलगडते. गिऱ्हाईक "दुसऱ्या दुकानात केलेला चष्मा लागतोय" म्हणून आलं की मी पहिलं हेच करतो, आणि बऱ्याचदा क्रॉस बुबुळाच्या तीन-चार मिलिमीटर खाली सापडतो.

डोकं दुखतं म्हणून परत आलेल्या चष्म्याची तपासणी कशी करावी हे भाच्याला सगळ्यात लवकर शिकवायला सांगा, कारण फिटरची किंमत तिथेच ठरते. माझा क्रम असा. आधी जुना चष्मा मागायचा. जुना आणि नवा, दोन्ही लेन्सोमीटरवर लावून केंद्रांमधलं अंतर बघायचं. मग ॲक्सिस. मग लेन्स गेज लावून पुढच्या बाजूचा वक्र बघायचा. जुन्या काचेचा बेस सहाचा आणि नव्याचा दोनचा असेल तर नंबर तोच असूनही जमीन वरखाली वाटते, जिना उतरताना पाय चाचपडतो. मग चेहऱ्यावर घालून फ्रेमचा खालचा भाग गालाकडे किती झुकलाय ते बघायचं, साधारण आठ ते बारा अंश बरा. मोठा नंबर असेल तर काच डोळ्यापासून किती लांब आहे तेही. मायनस दहाची काच बारा मिलिमीटरवर असते, तोच परिणाम डोळ्यावरच्या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ८.९३ ला मिळतो, म्हणजे हे अंतर किरकोळ नाही. हे सगळं ठीक निघालं तरच डॉक्टरांकडे परत पाठवायचं, तेही चिठ्ठीवर मोजमापं लिहून. अशी चिठ्ठी पाहिली की डॉक्टर पुढचे रुग्ण त्याच दुकानाकडे पाठवायला लागतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

मेटल फ्रेमचा स्क्रू फार आवळला की काचेवर ताण येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण दोन पोलरॉइड काचा आडव्या-उभ्या धरून मधे चष्मा ठेवला की कडेला पांढरे डाग उमटतात. अशा काचेची कपची पुढे केव्हातरी उडते, आणि एआरसीही लवकर फाटते. एआरसी फाटायचं दुसरं कारण ऊन. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला की प्लास्टिक फुगतं, वरचा थर तितका फुगत नाही आणि जाळं पडतं. गिऱ्हाईक वॉरंटी मागतं. अकोल्याकडच्या दुकानात काम करायचं असेल तर हे समजावून सांगण्याचं कौशल्यही लागतं.

शिकण्याचा क्रम माझ्या मते असा हवा. आधी फ्रेम दुरुस्ती. स्क्रू, नोजपॅड, शेल (प्लास्टिकची) फ्रेम गरम करून वाकवणं. यात हात बसतो आणि महागडी काच वाया जायची भीती नसते. त्याचबरोबर हाताने नंबर ओळखणं. काच समोर धरून भिंतीवरच्या अधिक चिन्हाकडे बघत हलवायची. चिन्ह काचेबरोबर सरकलं तर मायनस, उलट सरकलं तर प्लस, आणि काच फिरवल्यावर चिन्हाच्या रेघा कात्रीसारख्या उघडमिट झाल्या तर सिलिंडर. मग ट्रायल सेटमधली (ठरावीक नंबरांच्या काचांच्या पेटीतली) उलट नंबराची काच लावून हालचाल थांबवायची, तोच नंबर. डिजिटल लेन्सोमीटर आलेल्या दुकानात हे कुणी शिकवत नाही, पण वीज गेली की कामाला येतं आणि मुख्य म्हणजे सिलिंडर म्हणजे काय ते डोक्यात शिरतं. त्यानंतर हाताने फिरवायचा लेन्सोमीटर, हिरव्या रेघा तीक्ष्ण करून, तीन ठिपके देऊन. मग एजर. रिमलेसची भोकं सगळ्यात शेवटी.

पैशांचं खरं सांगायचं तर सुरुवातीला पगार फारसा हाती येत नाही. बऱ्याच दुकानांत नुसता शिकाऊ भत्ता असतो. स्वतः जॉब घेऊन करायला लागल्यावर जोडीमागे दर मिळतो. साध्या जोडीचा कमी, सुप्राचा थोडा जास्त, रिमलेसचा बराच जास्त. मात्र काच बिघडली तर ती कोणाच्या खिशातून, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. काही ठिकाणी शिकाऊ पोराच्या पगारातून महागड्या काचेचे पैसे कापतात. ते मला पटत नाही, आणि अशा ठिकाणी शिकणारा कायम घाबरलेला राहतो. स्वतःचं बस्तान बसलं की माल आणायला मुंबईत काळबादेवीकडे किंवा दिल्लीत बल्लीमारानला फेरी होते, तेव्हा धंदा समजायला लागतो.

तब्येतीचंही विचारात घ्या. तो ब्लॉकिंगचा मिश्रधातू मी वर सांगितला, त्यात शिसं असतं, ४७ अंशांच्या प्रकारात कॅडमियमही. लॅबमध्ये गेला तर त्याच हाताने डबा खायचा नाही. कोरडी कड करताना प्लास्टिकचा बारीक भुगा उडतो, मास्क लावायचाच, मालक हसला तरी. मान आणि कंबर लवकर धरते, म्हणून टेबल छातीच्या उंचीला आणून घ्यायचं.

पुढे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. फिटर म्हणून हात बसल्यावर ऑप्टोमेट्रीची पदवी करायची दारं बंद होत नाहीत, बारावी सायन्स आहेच. तोवर एक मर्यादा पाळायला सांगा. दुकानात मशीन आहे म्हणून डोळे तपासून नंबर द्यायचा नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश नोंदणी लागणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांत झाला आहे, आणि कायद्याचं सोडा, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार नंबर काढणाऱ्या मशीनला दिसत नाही. दृष्टी अचानक कमी झालेला, एकाच डोळ्याने धूसर दिसणारा, मधुमेही माणूस आला तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे.

जाताना त्याच्या खिशात मिलिमीटरची चांगली पीडी पट्टी आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा एक संच द्या. बाकी हत्यारं दुकानात असतात. पहिले काही दिवस घरातल्या सगळ्यांची पीडी मोजायला सांगा, तीनतीनदा. आजीची पहिल्यांदा ६१ आणि दुसऱ्यांदा ६४ आली, तर आपण पट्टी कुठे धरतो आणि कोणत्या डोळ्याने बघतो हे त्याचं त्यालाच शोधू द्या.